गणित बदललं, आता आपली पाळी

शेजारची सहावीतली मुलगी परवा वही घेऊन आली. म्हणाली, "काकू, हे बघ ना, जादू आहे." चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक आधी मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे, मग उलट, आणि वजाबाकी करायची. आम्ही ३५२४ घेतली. ५४३२ मधून २३४५ गेले, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च! दुसरी संख्या घेतली, तरी शेवटी तिथेच.

हे शोधणारे द. रा. कापरेकर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. माझी तर संध्याकाळ छान गेली. पण तिची आई वैतागली होती. "खेळच चाललेत नुसते! पोर्शन कधी संपणार? परीक्षेत हे विचारणार आहेत का?"

मैत्रिणींनो, तिचा प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२३ चा अभ्यासक्रम आराखडा यांच्या आधारे एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीचं 'गणित प्रकाश' हे पुस्तक आणलं. २०२५ पासून सातवी-आठवीचीही नवी पुस्तकं आली. आपल्या राज्यानेही २०२५ च्या शासन निर्णयात नव्या अभ्यासक्रमाचे टप्पे ठरवले. त्यात सहावीचं वर्ष २०२६-२७. म्हणजे हा विषय फक्त सीबीएसईवाल्यांचा नाही, तो आपल्या साध्या शाळांच्या दारातही आलेलाच आहे.

बदल काय, तर आधी सूत्र आणि मग त्यावर पन्नास उदाहरणं, हा क्रम उलटा झाला. मुलांनी आधी करून पाहायचं, नियम काय असेल ते ओळखायचं, चुकायचं, एकमेकांना पटवायचं. कल्पना उत्तमच आहे. सूत्रं घोकून पास होणारी आणि दहावीनंतर गणिताला हात न लावणारी मुलं आपण घरोघरी पाहिलीत. त्यातल्या बऱ्याच जणी आपणच आहोत!

पण पुस्तक बदललं म्हणून वर्ग बदलत नाही. करून पाहायला वेळ लागतो. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास आणि साठ मुलं, तिथे बाई प्रत्येकाचं "मला असं वाटतं" कधी ऐकणार? धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ते नुसतं भाषण ऐकून सही करण्याचं असेल, तर बाई वर्गात जुनंच शिकवणार, त्यांचा तरी काय दोष? त्यात २०२४ ला शाळेचं वर्ष सुरू होऊन काही महिने गेल्यावर सहावीची पुस्तकं हातात पडली. आणि चाचणीत जुन्याच छापाचे प्रश्न आले, तर शोधण्याच्या प्रश्नांचीही तयार उत्तरं गाईडमध्ये मिळतील. क्लासवाले ती पाठ करून घेतील. मग नवा अभ्यासक्रम आला काय नि न आला काय!

घराचाही यात वाटा आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असंही म्हणायला शिकवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर समजावत होत्या, की जोडाक्षरांची नावं लहान मुलांना जड जातात. पण विनोद त्यांच्या म्हणण्यापेक्षा पुढे पळाले. पालकांना आधी विश्वासात घेतलं नाही, की असंच होतं. यातून सरकारने शिकायला हवं, तसं आपणही.

आपल्या हातात काय आहे? एक तर शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. बऱ्याचदा आपण तिथे फक्त सहीपुरत्या असतो. पुढच्या सभेत विचारा, गणिताच्या शिक्षकांचं प्रशिक्षण झालं का? चाचणीचे प्रश्न बदलले का? पुस्तकं वेळेवर येणार का?

दुसरं म्हणजे घरी वही तपासताना "उत्तर बरोबर आलं का?" याच्या आधी "तू हे कसं केलंस?" एवढं विचारायचं. त्यासाठी आपल्याला गणित यायलाच हवं असं नाही. आणि मुलीसमोर "मलाही गणित कधी जमलं नाही गं" हे वाक्य तर बंदच करू या. आपण सहज बोलतो, ती मात्र ते मनावर घेते. पावशेर, अडीचशे ग्रॅम, सव्वा, पाऊणचे हिशेब आपण रोज तोंडी करतो, भिशीचा हिशेब चोख ठेवतो. मग जमत नाही कसं?

त्या शेजारणीला मी म्हटलं, आज तू एक संख्या घेऊन बघ. कणीक मळता मळता तिने सांगितली, लेकीने वजाबाक्या केल्या. ६१७४ आल्यावर दोघी हसल्या. पोर्शनची काळजी तिची अजून गेलेली नाही. ती जायची, तर शाळेलाच उत्तर द्यावं लागेल, आणि ते मागायला आपल्यालाच जावं लागेल.