जुन्या बेस गिटारींचे मोल: नाद दुय्यम, 'मूळपण' महत्त्वाचे

'बीटल्स'च्या पॉल मॅकार्टनी यांची १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात गाडीतून चोरीस गेलेली हॉफनर बेस गिटार त्यांना परत मिळाल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुमारे ३० पौंडांना घेतलेले हे वाद्य इंग्लंडमधील एका घराच्या माळ्यावर पडून होते. या वृत्ताने चाहते सुखावले. पण जुन्या वाद्यांच्या बाजारात नेमके कशाला मोल येते, हा प्रश्नही त्यामुळे पुढे आला.

बेस गिटार हे तसे तरुण वाद्य. लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' १९५१ मध्ये बाजारात आणली, 'जॅझ बेस' १९६० मध्ये. वादकांच्या दृष्टीने ती रोजच्या रोजगाराची अवजारे होती. कोणी पडदे उपटले, कोणी पिकअप बदलले, तर सत्तरच्या दशकात लाकडाचा मूळ पोत दिसावा म्हणून अनेकांनी रंगच खरवडून काढला. आज याच गोष्टी किमतीच्या मुळावर आल्या आहेत. पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत मूळ रंगाच्या वाद्यापेक्षा साधारण निम्मी, हा या व्यापारातला रूढ ठोकताळा आहे. वाद्य वाजते कसे, हा प्रश्न बहुधा नंतर विचारला जातो.

फेंडर यांनी जानेवारी १९६५ मध्ये आपली कंपनी 'सीबीएस'ला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्यापूर्वीची वाद्ये अस्सल आणि नंतरची दुय्यम, अशी जी रेघ तेव्हा ओढली गेली ती अद्याप पुसलेली नाही. वस्तुतः विक्रीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यातील कारागीर किंवा लाकूड बदलले नव्हते. परंतु संग्राहकांना रेघ हवी असते.

या मूळपणाच्या हव्यासातून सुट्या भागांचा वेगळाच व्यापार उभा राहिला. फेंडरची मान स्क्रूंनी जोडलेली असल्याने वाद्य सहज उकलता येते. मानेच्या टोकावर बहुधा तारीख असते, आवाज कमी-जास्त करणाऱ्या पुर्जांवर निर्मितीचा आठवडा सांगणारे आकडे असतात. त्यामुळे एखादे चांगले वाद्य मोडून त्याची मान, पिकअप, ट्यूनर वेगवेगळे विकणे कित्येकदा अधिक फायद्याचे ठरते. एका वाद्याची मान आणि दुसऱ्याचे धड जोडून 'मूळ' म्हणून खपवण्याचे प्रकारही होतात. म्हणूनच जाणकार ग्राहक आधी स्क्रू-ड्रायव्हर मागतो.

नामवंताचा हात लागला, की मात्र हे सारे नियम गळून पडतात. जॅको पास्टोरियस यांची १९६२ ची जॅझ बेस पडदे काढलेली, अर्थात संग्राहकांच्या कसोटीवर 'बिघडवलेली'. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती चोरीस गेली आणि दोन दशकांनी उजेडात आली, तेव्हा तिच्या मालकीवरून वाद झाला. अखेर 'मेटॅलिका'च्या रॉबर्ट ट्रुहियो यांनी पैसे मोजून तो मिटवला. 'मोटाऊन'चे जेम्स जेमर्सन यांची प्रिसिजन १९८३ मध्ये, त्यांच्या निधनाच्या थोडे आधी चोरीस गेली. ती पुढे सापडल्याचे वृत्त नाही. अशा वाद्याला उघड गिऱ्हाईक मिळणे अशक्य, आणि म्हणूनच ती माळ्यावर पडून राहतात.

तरीही बेसला गिटारचा भाव नाही. 'रोलिंग स्टोन्स'च्या बिल वायमन यांची १९६९ ची मस्टँग बेस २०२० मध्ये ३ लाख ८४ हजार डॉलरना गेली आणि बेससाठी तो विक्रम मानला गेला. त्याच वर्षी कर्ट कोबेन यांच्या गिटारला ६० लाखांहून अधिक डॉलर मिळाले. मंचावर मागे उभे राहणाऱ्याची उपेक्षा लिलावातही सुटत नाही, असेच म्हणायचे.

साठच्या दशकातील वाद्ये धंदेवाईक वादकाच्या आवाक्याबाहेर गेल्याने तो आता सत्तरच्या दशकातील, एकेकाळी जड म्हणून नाके मुरडल्या गेलेल्या 'सीबीएस'काळातील बेसकडे वळला आहे. त्यांचेही भाव चढले आहेत.