तंबू, कुरकार आणि मोठे सबा



यंदा सुक्कोतच्या मधल्या दिवसांत २ रात्री तंबूत काढायच्या असे आमच्या घरी ठरले आहे. जागा दोर-हबोनीमचा किनारा. अश्दोदहून वर शंभरेक किलोमीटर, हैफाच्या अलीकडे. माणसे ११. सर्वांत धाकटी पणती ४ वर्षांची आणि सर्वांत मोठे म्हणजे आमचे थोरले दीर, वय ८१. साखर आहे, रक्तदाब आहे, गुडघे तर विचारूच नका. मुले त्यांना मोठे सबा म्हणतात.

पहिल्याच बैठकीत तरुण मंडळींनी परस्पर ठरवून टाकले की मोठे सबा घरी राहतील, मझगान लावून आराम करतील. भावजी काही बोलले नाहीत. चहाचा कप उचलला आणि गॅलरीत जाऊन बसले. मग आम्हाला आमचा वॉर्डातला आवाज काढावा लागला. म्हटले, बाबांनो, एकट्या घरात रात्री साखर उतरली तर दार कोण उघडणार? तिथे निदान १० माणसांची नजर असेल. "पण सफ्ता, तिथे डॉक्टर नाही!" नात म्हणाली. घरी तरी कुठे आहे डॉक्टर?

तर भावजी येणार. पण मग सगळा बेत त्यांच्या गुडघ्यांपासून आखायचा, हे आम्ही मंजूर करून घेतले.

पहिली गोष्ट जागा. राखीव किनाऱ्यावर मन मानेल तिथे तंबू ठोकता येत नाही, रात्रीसाठी ठरलेलीच जागा असते. सुक्कोतात झुंबड, तेव्हा फोन आधी करायचा. फोनवर ३ प्रश्न विचारायचे: संडास किती पावलांवर, पिण्याचे पाणी आहे का, गाडी किती जवळ येते. समुद्र दिसतो का हा प्रश्न नातवंडांचा, तो शेवटी. निघायच्या दिवशी पिकूद हाओरेफच्या सूचना पाहायच्या, हे आता सांगावे लागत नाही.

लघवीची गोळी घेणाऱ्याला रात्री २-३ वेळा उठावे लागते. अंधारात तंबूच्या दोऱ्या दिसत नाहीत, आणि या वयात खुबा मोडला म्हणजे काय, ते आम्ही ऑर्थोपेडिकच्या वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणून दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधायच्या, उशाशी बॅटरी ठेवायची. जमिनीवरची गादी भावजींना नको, कारण खाली बसलेला माणूस वर कसा येणार? गुडघ्याइतक्या उंचीची घडीची खाट हवी आणि हात असलेली खुर्ची. ती गोळी मात्र प्रवास आहे म्हणून आपल्या मनाने बंद करू नये, वेळ बदलायची असेल तर कुपत खोलीमच्या डॉक्टरांना विचारावे.

इन्सुलिन गाडीत ठेवून फिरायला जाऊ नका. उन्हात बंद गाडीची भट्टी होते. थंड पिशवी घ्यावी, पण बर्फाच्या पाकिटाला इन्सुलिन टेकवू नये, मध्ये टॉवेल घालावा, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वाया गेले. फ्रीज नव्हते तेव्हा आपल्याकडे लोक ते मातीच्या ओल्या मडक्यात ठेवत, आणि त्यात शहाणपण होते.

म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. म्हणून पाणी तहानेवर सोडायचे नाही, घड्याळावर द्यायचे. हे काम बालदोस्तांचे! आमच्याकडे ९ वर्षांचा नातू पाणीवाला नेमला आहे. दर तासाला पेला न्यायचा आणि वहीत खूण करायची. भावजी त्याला आत्तापासूनच "हवालदार" म्हणू लागले आहेत.

आता समुद्र. भावजींचे बालपण अलिबागकडचे, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न, भरती किती वाजता? तिथे ओहोटीला कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जाता येते आणि भरतीला त्याच वाटेवर पाणी. इथे भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम, दीड-दोन फूटही नाही. म्हणून माणूस फसतो. पाणी शांत वाटते, पण लाटांनी आणलेले पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरात मागे ओढले जाते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहावे आणि ओढीतून बाहेर पडावे. त्यापेक्षा जिथे जीवरक्षक आहे तिथेच उतरावे हे बरे. पांढरा झेंडा असेल तर पोहा, लाल असेल तर धोका, काळा असेल तर पाण्याचे नाव नको.

तिथला खडक आपल्या कोकणातल्या काळ्या कातळासारखा नाही. कुरकार म्हणतात त्याला. वाळूच्या टेकड्याच हजारो वर्षांत घट्ट होऊन दगड झाल्या, म्हणून तो पिवळट, भोकाभोकांचा आणि धारदार. अनवाणी चाललात तर तळपाय फाटतात, साखरवाल्यांनी तर बूट काढूच नयेत. कपारीखाली सावली छान असते, पण कुरकार ढासळतो, तेव्हा चटई तिथे पसरू नये. शिंपले बघावेत, फोटो काढावेत, खिशात भरू नयेत.

जेलीफिशचा थवा उन्हाळ्यात जास्त, पण एखादी चुकार असतेच. त्यातली मोठी जात सुएझ कालव्यातून इथे आली, म्हणजे आपल्यासारखीच हिंदी महासागराकडची! चावली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडे पाणी नको, व्हिनेगर नको, चोळणे नको.

जेवणाचे फार नाही. चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, उकडलेली अंडी, कोकमचे सरबत. मंगल पेटवायला मुले उतावीळ आहेत, ठरलेल्या जागी खुशाल पेटवा. पण रात्री गारवा आला म्हणून धुमसते कोळसे तंबूत आणणे म्हणजे मरण. त्या वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. हे वाक्य मुलांकडून आम्ही ३ वेळा म्हणवून घेतले.

दुपारच्या उन्हात म्हातारे आणि पोरे यांना नख्शोलीमच्या मिझगागा संग्रहालयात न्यायचे. बॅरन रॉथशिल्ड यांनी दारूच्या बाटल्यांसाठी १८९०च्या सुमारास काढलेला हा काचेचा कारखाना. त्याचे व्यवस्थापक मेइर दिझेनगोफ, पुढे तेल अवीवचे पहिले महापौर झाले. इथली वाळू काचेला चांगली निघाली नाही, कारखाना बंद पडला. १७९९ साली अक्कोहून माघार घेताना नेपोलियनच्या सैन्याने याच किनाऱ्यावर तोफा समुद्रात लोटल्या, ही गोष्ट पोरांना फार आवडली आहे.

संध्याकाळची गोष्ट मात्र भावजी सांगणार. नवगावच्या खडकांवर गलबत फुटले आणि ७ जोडपी वाचली, ती आपली जुनी कथा. पणतीने आत्ताच विचारून ठेवले आहे की त्यांच्याजवळ तंबू होता का.

१०१ हा मागेन दाविदचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. भावजींच्या औषधांची यादी मोठ्या हिब्रू अक्षरांत लिहून त्यांच्या शर्टाच्या खिशात आणि एक प्रत गाडीत ठेवली आहे. खाट अजून मिळालेली नाही. कोणा वाचकाकडे घडीची असेल तर २ रात्रींसाठी द्यावी, आम्ही धुऊन परत करू.