शिक्का मिळेल, पण काम कोण शिकवणार?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे आहेत. किनवटपासून निलंग्यापर्यंतच्या आपल्या मुलामुलींना पदवी इथलीच मिळते. नोकरीसाठी मात्र पुण्याची गाडी पकडावी लागते.

यावर उपाय म्हणून नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षण आणले. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकायचे, त्याचे श्रेयांक मिळणार. कल्पना चांगली आहे. पण ती जागा शोधायची कोणी? ज्याच्या मामाची लातूरच्या बाजारात आडत आहे, ज्याच्या वडिलांचा मित्र सीए आहे, त्याची सोय एका फोनवर होते. ऊसतोड मजुराच्या मुलीने कोणाचे दार वाजवायचे? मग ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून वहीत लावला जातो. श्रेयांक मिळतात, हाताला काम लागत नाही. खरी गळती इथे आहे, आणि ती जातीच्या व ओळखीच्या जुन्या वाटेनेच होते, असे आम्हाला वाटते.

लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे, डाळ मिल आहेत. कारखान्यात फिटर-वेल्डर लागतात तसे भांडार, हिशेब आणि सुरक्षेची नोंद ठेवणारेही लागतात. तेव्हा 'बी.ए. करून काय उपयोग, आयटीआय करा' हा आपल्याच मुलांना दिला जाणारा सल्ला आम्हाला अर्धवट वाटतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तंत्रप्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. त्यांनी एकासाठी दुसरे सोडले नाही.

राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार रुपये मिळाले. आधी सहा महिने, नंतर वाढवून अकरा. मुदत संपली की तरुण पुन्हा घरी, आणि कायम करा म्हणून आंदोलनात.

विद्यापीठाने कार्यप्रशिक्षणाच्या जागा स्वतः मिळवाव्यात, कारखाने, बँका व सरकारी कार्यालयांशी लेखी करार करावेत आणि कोणाला कुठे पाठवले याची यादी प्रवर्गनिहाय जाहीर करावी. पालकांनीही प्रवेश घेताना फीसोबत एवढे विचारावे : गेल्या वर्षी तुमची मुले कामाला कुठे पाठवली होती?