आजीचं गाणं आणि दीडशे केबीची फाइल

"फाइल ओपन होत नाही" हे वाक्य हॉस्टेलमध्ये आपण दिवसातून दहा वेळा ऐकतो. सबमिशनच्या आदल्या रात्री तर जरा जास्तच, आणि तेव्हा त्यात निम्मं खोटं असतं! पण यंदा माझा रूममेट ते म्हणाला, तेव्हा खोलीत कोणीच हसलं नाही.

तो विक्रमगडकडच्या एका पाड्यावरचा. त्याची आजी धवलेरी होती. धवलेरीची गाणी झाल्याशिवाय वारल्यांकडे लग्न लागत नाही, आणि ती गाणी वहीत नसतात, तोंडपाठ असतात. २०१९ साली आपल्याच सीनियर्सनी गॅदरिंगच्या कार्यक्रमासाठी पाड्यावर जाऊन तिचं तासभर रेकॉर्डिंग केलं होतं. दोन वर्षांपूर्वी आजी गेली. आता रूममेटच्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा घरून विचारणा झाली, "तुमच्या कॉलेजात आजीचा आवाज आहे ना रे?"

पेन ड्राइव्ह कपाटात सापडला. त्यात एकच फाइल होती, एयूपी नावाची, साइज दीडशे केबी. तासाभराचं गाणं दीडशे केबीत? तिथंच पोटात गोळा आला.

मग सुरू झाली हॉस्टेल स्टाइल दुरुस्ती. एकाने नाव बदलून शेवटी एमपीथ्री लिहिलं. अरे बाबा, डब्यावरचं लेबल बदललं म्हणून वरणाचं श्रीखंड होत नाही! दुसऱ्याने तीन-चार सॉफ्टवेअर टाकून पाहिली. व्यर्थ. कारण ती आवाजाची फाइल नव्हतीच. ऑडॅसिटीच्या जुन्या व्हर्जनमध्ये एयूपी म्हणजे नुसती यादी असायची, कुठला तुकडा कुठे लावायचा याची. खरा आवाज शेजारच्या डेटा फोल्डरमध्ये तुकड्या-तुकड्यांनी पडलेला असायचा. सीनियर्सनी यादी कॉपी केली, फोल्डर राहिलं लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप केव्हाच फॉरमॅट झाला. २०२१ मध्ये ऑडॅसिटी ३ आलं, तेव्हापासून सगळं एकाच फाइलमध्ये राहतं. तरी ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरला सहसा कळत नाही. ऑडिशनच्या सेशन फाइलचंही तेच, ती फक्त बाहेरच्या फाइलींकडे बोट दाखवते.

शेवटी मदतीला आला रूममेटच्या काकांचा जुना बटणांचा मोबाइल. त्याच्या मेमरी कार्डवर चार मिनिटांची एएमआर फाइल होती. ऑडॅसिटी तिलाही हात लावेना. एफएफएमपेगची लायब्ररी जोडली, आणि आजी गायला लागली! पण एएमआर हा फॉरमॅट फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला. सेकंदाला फक्त ८००० नमुने, त्यामुळे वरच्या पट्टीतलं बरंच काही कापलं जातं. आजीचा आवाज फोनवरून आल्यासारखा, आणि मागे साथ देणाऱ्या बायका जवळजवळ गायब. आम्ही ती वेव्हमध्ये बदलली. फाइल मोठी झाली, आवाज तोच राहिला. पातेलं मोठं घेतलं म्हणून ताकातून जास्त लोणी निघत नाही.

आता माझं म्हणणं. ही चूक सॉफ्टवेअरची नाही, आपली आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या वेळी, १९१० आणि १९२० च्या दशकांत, भारतातल्या अनेक बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर रेकॉर्ड झाल्या होत्या. त्या आज इंटरनेटवर ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू येतो आणि आपला २०१९ चा येत नाही, ही इंजिनिअरिंगच्या पोरांना शोभणारी गोष्ट आहे का?

कोणी म्हणेल, जागा किती लागते! सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे तासाला ६३५ एमबीच्या आसपास. आपल्या हार्ड डिस्कवर एकेक पिक्चर याहून मोठा असतो. फ्लॅकमध्ये ठेवलं तर जागा बरीच वाचते आणि आवाजातला कणही जात नाही. एमपीथ्रीमध्ये मात्र थोडं कायमचं जातं, म्हणून ती वाटायला ठीक, जपायला नाही.

तेव्हा नियम साधा करूया. एडिटिंग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये करा, पण त्याच दिवशी मूळ आवाज वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये एक्स्पोर्ट करा. मग तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वाजवून बघा. वाजला तरच काम झालं म्हणा. सोबत गाव, तारीख आणि गाणाऱ्याने हरकत घेतली नाही तर त्याचं नाव लिहून ठेवा. एक प्रत लायब्ररीत द्या, आणि लायब्ररीतल्या सर-मॅडमना विनंती, की त्यासाठी एक कोपरा राखून ठेवा.

आणि सगळ्यात आधी एक प्रत त्या घरी द्या. पाड्यावरून निघण्यापूर्वी, त्यांच्याच मोबाइलवर, वाजवून दाखवून. वाडवळी असो, मांगेली असो की वारली, आपल्या पालघर-बोईसरच्या आसपास तोंडी चालत आलेलं किती आहे! आपण ते गॅदरिंगसाठी आणतो, टाळ्या घेतो आणि विसरतो.

लग्नाच्या आदल्या रात्री रूममेटच्या आईने ती चार मिनिटं सातव्यांदा लावली आणि विचारलं, "पुढचं कुठाय?"

तिला काय उत्तर द्यायचं, सांगा.