दुसऱ्या जागेचा अधिकार

गावातील संस्थेचा पहिला मनुष्य कोण, हे शाळेत जाणारे पोरही सांगते. दुसरा कोण असे विचारले, तर पुष्कळदा त्या संस्थेच्या सभासदांसही आठवावे लागते. धनी आजारी पडला तर तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे, अध्यक्ष गेला तर दप्तर कोणाकडे, हा प्रश्न आपण प्रसंग येईपर्यंत टाळतो आणि प्रसंग आला म्हणजे भांडतो. हा दोष केवळ अव्यवस्थेचा नव्हे. त्याच्या मुळाशी दुय्यम जागेविषयीचा तुच्छभाव आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या तुच्छभावाची किंमत किती पडते, हे लष्कराच्या इतिहासात जितके उघड दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. आणि तो इतिहास शिरूर-दौंडच्या वाचकांस परका नाही.

घोडनदीकाठचे शिरूर हे एके काळी कंपनी सरकारच्या फौजेचे ठाणे होते. 1817 च्या पुण्याच्या तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने परंतु इंग्रजांच्या हुकमतीत जे नवे घोडदळ उभे राहिले, त्यातूनच पुढे ‘पुणे हॉर्स’ हा रिसाला निघाला व त्याचे ठाणे दीर्घकाळ शिरूर येथे होते. त्या शिलेदारी पद्धतीत स्वार आपला घोडा आपण आणी व सरकार त्यास पगार देई. गोरे अधिकारी मोजकेच असत: एक कमांडंट, एक त्याचा दुय्यम आणि एक अॅडज्युटंट. बाकी रोजचा कारभार रिसालदार, जमादार व वर्दी मेजर या एतद्देशीय अंमलदारांच्या शिरावर. म्हणजे रिसाला चालवावयाचा आपल्या लोकांनी. परंतु पहिली जागा तर राहोच, दुसरी जागासुद्धा त्यांस बंद! उभा जन्म खोगिरावर घालविलेला रिसालदारही काल विलायतेहून उतरलेल्या पोरसवदा लेफ्टनंटाच्या हाताखालीच राहावयाचा.

या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटन सुमारे 500 पायदळ, 250 च्या वर नवे स्वार व 2 तोफा घेऊन शिरुराहून निघाला आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. दिवसभराच्या झुंजीत गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मेले वा जखमी झाले. तरी पलटण मोडली नाही. ती सावरून धरली कोणी? सुभेदार, नाईक आणि साध्या शिपायांनी. त्यांत महार शिपाई पुष्कळ होते, व नदीच्या अलीकडे पेरणे येथे उभ्या असलेल्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. परंतु दगडावर नाव मिळाले, म्हणून अधिकार मिळाला असे झाले नाही. हिंदी मनुष्यास बादशाही सनदेचा मार्ग खुला करण्याचे ठरले ते 1917 साली, म्हणजे पुरत्या 100 वर्षांनी. महारांची भरती तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदच झाली. पहिल्या महायुद्धात गरजेपुरती उघडली आणि पुन्हा मिटली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा हा स्तंभच होता. जन्मावरून वरची पायरी नाकारणे हा त्या मनुष्यावर अन्याय तर आहेच. पण ज्या दलास अशा मनुष्यांची गरज आहे, त्याचेही ते नुकसान आहे.

आता दुसरी बाजू पाहू. जागा मिळाल्यानंतर ती चालवावी कशी, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच एका पुत्राने घालून दिले आहे. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हे सँडहर्स्टमध्ये शिकून सनद मिळविलेले अधिकारी. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले तेव्हा ते युद्धकैदी झाले व पुढे आझाद हिंद फौजेत दाखल झाले. ही पहिली फौज कॅप्टन मोहनसिंग यांच्या एका व्यक्तित्वाभोवती उभी होती. जपान्यांशी त्यांचे पटले नाही. डिसेंबर 1942 मध्ये त्यांना अटक झाली, आणि त्यांनी आधीच लिहून ठेवल्याप्रमाणे ती फौज विसर्जित झाली. एक मनुष्य गेला आणि हजारोंची सेना गेली! फेब्रुवारी 1943 मध्ये रासबिहारी बोस यांच्या नेतृत्वाखाली ती पुन्हा उभारण्याचे ठरले, तेव्हा नवा लष्करी विभाग निर्माण करून त्याचे संचालकपद भोसले यांजकडे देण्यात आले. शाहनवाज खान जनरल स्टाफचे प्रमुख, प्रेमकुमार सहगल लष्करी सचिव, हबीब-उर-रहमान अधिकारी-शिक्षणशाळेवर, महंमद झमान कियानी प्रत्यक्ष फौजेवर, अशी कामाची वाटणी झाली. एका मनुष्याच्या जागी एक कचेरी आली.

जुलै 1943 मध्ये सुभाषबाबू सिंगापुरास आले व ऑगस्टमध्ये त्यांनी फौजेचे आधिपत्य स्वतःकडे घेतले. त्या वेळी त्यांस हाती तयार यंत्र मिळाले, ते या चार-सहा महिन्यांच्या कामामुळे. भोसले यांच्या वरच्या जागी दुसरा आला, म्हणून ते रुसून घरी बसले नाहीत. ते स्टाफचे काम पाहत राहिले, आणि 21 ऑक्टोबर 1943 रोजी स्थापन झालेल्या हंगामी सरकारात फौजेचे एक प्रतिनिधी म्हणूनही बसले. फौजेचे पुढे काय झाले ते सर्वविदित आहे. तथापि मोडलेले घर नेत्याच्या येण्याआधी सावरून ठेवणे आणि नेता आल्यावर त्याच्या स्वाधीन करणे, ही कामगिरी लहान नव्हे. जयजयकारात ती ऐकू येत नाही, इतकेच.

परंतु दुसऱ्याने शहाणपणाने वागावे आणि संस्थेने त्यास अधिकार मात्र देऊ नये, हे चालावयाचे नाही. याचा धडा खुद्द स्वतंत्र भारताच्या सरकारने दिला आहे. 1999 च्या कारगिल युद्धानंतर तिन्ही दलांची सांगड घालण्याचा विचार झाला. 2001 साली मंत्रिगटाने संरक्षण दलप्रमुख व त्याचा उपप्रमुख अशा दोन जागा सुचविल्या. 1 ऑक्टोबर 2001 रोजी तिन्ही दलांचे एकत्रित मुख्यालय निघाले व तरुणपणी सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही पाय गमावलेले लेफ्टनंट जनरल पंकज जोशी त्याचे पहिले प्रमुख झाले. परंतु ज्याच्या हाताखाली हे मुख्यालय चालावयाचे, त्या दलप्रमुखाची नेमणूकच झाली नाही! दुसरा नेमला, पहिला नाही. तिन्ही सेनापतींपैकी जो वडील तो समितीचा अध्यक्ष. त्यास आपले दल सांभाळून उरलेल्या वेळात हे काम. 1 जानेवारी 2020 रोजी जनरल बिपिन रावत दलप्रमुख झाले, तोवर 18 वर्षे उलटून गेली होती. अंदमान-निकोबारचे संयुक्त दलही 2001 सालचेच. पण दुसऱ्या दलांतून आलेल्या सैनिकांवर शिस्तीचा पूर्ण अधिकार तेथील सेनानीस देणारा कायदा संसदेने केला तो 2023 साली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण याहून कोठे अधिक लागू पडेल?

पुढे 8 डिसेंबर 2021 रोजी जनरल रावत यांचा हेलिकॉप्टर अपघातात अंत झाला आणि ती जागा 30 सप्टेंबर 2022 पर्यंत, म्हणजे नऊ महिन्यांहून अधिक काळ, रिकामी राहिली. मधल्या काळात समितीच्या अध्यक्षपदाचा भार काही महिने पुण्याच्या जनरल मनोज नरवणे यांनी वाहिला. स्वतः नरवणे यांचीच गोष्ट बोलकी आहे: 1 सप्टेंबर 2019 पासून ते भूदलाचे उपप्रमुख होते आणि 31 डिसेंबर 2019 रोजी प्रमुख झाले. जेथे दुसरी जागा जुनी, ठरलेली व अधिकाराची होती, तेथे एका दिवसाचाही खंड पडला नाही; जेथे ती अर्धवट होती, तेथे घर ओसाड पडले.

यावर कोणी म्हणेल की एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दुसऱ्यास अधिकार दिला तर तो पहिल्यास खाली ओढील. ही भीती खोटी नाही, पण औषध चुकीचे आहे. भांडण अधिकारातून निघत नाही, अधिकाराच्या अस्पष्टतेतून निघते. दौंडच्या रहिवाशास हे सांगावयास नको. जंक्शनातून सुटणाऱ्या मालगाडीस पुढे ड्रायव्हर आणि शेवटी गार्ड असतो. कोणी काय करावयाचे हे नियमात लिहिलेले असते, म्हणूनच शेपटाकडचा मनुष्य इंजिनावर चढावयास धावत नाही, आणि प्रसंगी त्याने केलेली खूण पुढच्यास मानावी लागते.

तेव्हा आपल्या पेढ्या, सोसायट्या, शाळा आणि पालिका यांनी तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची सूचना आहे. उपाध्यक्षपद हे पहिल्या जागेस हुकलेल्या इच्छुकाची समजूत घालण्याचे साधन करू नये. दुसऱ्याकडे कोणती कामे पूर्णपणे सोपविली, हे ठरावात लिहावे. आणि ती जागा भरताना जात, घराणे अथवा पहिल्याशी असलेले नाते न पाहता उद्या पहिली जागा चालविण्याची योग्यता पाहावी. कारण मुलगी, सून वा नोकरीतला हुशार मुनीम यांना आपण आजही रिसालदारासारखे वागवितो: काम सारे त्यांचे, सही मात्र दुसऱ्याची.

शिरूरच्या रिसाल्यात जी पायरी परक्यांनी आपणांस नाकारली, तीच आपण आपल्या माणसांस नाकारीत असू, तर परक्यांस बोल लावण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. ज्या घरातील दुसरा मनुष्य समर्थ, त्या घरातील पहिल्याने निश्चिंत निजावे.