गोळ्यांचा डबा कुणाच्या हाती?

टिटवाळ्याच्या बाजूला एका वृद्धाश्रमात मी महिन्यातून एकदा तपासणीसाठी जातो. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. डोंबिवलीत एकटे राहत होते तेव्हा २० वर्षे मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी स्वतः वेळेवर घेतल्या. आश्रमात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांचा डबा कार्यालयाच्या कपाटात गेला. "आजोबा, आता तुम्हाला काळजी नको," असे सांगण्यात आले.

तिथे सकाळी साडेसातला गोळ्या वाटतात आणि नाश्ता येतो नऊला. ग्लिमेपिराइडसारखी गोळी नाश्त्याबरोबर घ्यायची असते. ती घेऊन दीड तास उपाशी राहिले तर साखर उतरू शकते. घाम येतो, हातपाय थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो. सरांना तसे दोनदा झाले आणि वयोमानाने होते म्हणून कोणी मनावर घेतले नाही. मीही वेळ विचारली नव्हती, ही माझी चूक. सर म्हणाले, "डॉक्टर, मला कळत होते, पण डबा त्यांच्याकडे."

सेविकेला मी दोष देणार नाही. ४० जणांची औषधे एकटीने सांभाळायची, त्यात दुकानदार पट्टी अशी कापून देतो की नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर! पण ज्याला आपले औषध समजते त्याच्याकडून ते काढून घेण्यात सोय आश्रमाची होते, रुग्णाची नव्हे. इंग्लंडमध्ये 'नाइस' या संस्थेने २०१४ साली अशा निवासांसाठी नियमावली काढली. तपासणीत धोका दिसला नाही, तर रहिवासी आपले औषध स्वतः घेऊ शकतो असेच धरून चालावे, असे ती सांगते.

ही तपासणी ठाणे-कल्याणच्या कोणत्याही फॅमिली डॉक्टरला जमेल. पट्टीवरचे नाव वाचायला लावा, गोळी काढायला सांगा, कशासाठी आणि कधी घेता ते विचारा. हात थरथरतात पण डोके शाबूत आहे, त्यांना पट्टी फोडून दिली की पुरे. ज्यांना विसर पडतो त्यांचे औषध आश्रमानेच सांभाळावे, यात वाद नाही. झोपेच्या गोळ्याही कुलपातच बऱ्या. बाकीच्यांना कुलूप लागणारा खण द्या, आठवड्याच्या गोळ्या मोजून द्या आणि शनिवारी किती उरल्या ते पाहा. काही महिन्यांनी पुन्हा तपासा.

आईवडिलांना आश्रमात ठेवताना मुले पलंग, पंखा, जेवण सगळे विचारतात. गोळ्या कुणाकडे राहणार आणि नाश्ता किती वाजता, हेही त्याच वेळी विचारून घ्या.