पाप, पापी आणि जन्माचा शिक्का

ख्रिस्ती धर्माविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन समज एकाच वेळी नांदत असतात. एक असा की, हा धर्म अपराध्यांविषयी भलताच हळवा आहे. पापकबुली दिली की सारा हिशेब चुकता! दुसरा याच्या नेमका उलट : मनुष्यमात्राला जन्मतःच पापी ठरविणारा हा एक खिन्न धर्म आहे. दोन्ही समज एकाच गृहस्थाच्या तोंडून एकाच बैठकीत ऐकावयास मिळतात आणि त्यांतील विसंगती कोणास खटकत नाही. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. परंतु ते खोटे पाडण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्या मंडळींनीच मोक्याच्या वेळी त्यांना बळकटी दिली, हेही सांगणे प्राप्त आहे.

प्रथम मूळ भूमिका पाहू. व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीला येशूने दगडांपासून वाचविले. पण तिचे कृत्य निर्दोष होते असे तो म्हणाला नाही, पुन्हा तसे करू नकोस असे बजावले. जकातदार जक्कयाच्या घरी तो जेवावयास गेला. पण जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले, तेव्हाच ती कथा पूर्ण झाली. आणि जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी विचारले की पाप याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा त्याने दोन्ही पर्याय नाकारले. या तीन प्रसंगांतून तीन सिद्धांत निघतात : कृत्य वाईट ते वाईटच, त्याची भरपाई झाली पाहिजे, आणि अपराध हा जन्माचा नव्हे, कृतीचा असतो. सर्वच माणसे पापी आहेत या शिकवणुकीचा खरा अर्थही हाच की, न्यायासनावर बसलेल्याने पिंजऱ्यातील माणसाला वेगळ्या जातीचा प्राणी समजू नये.

आम्हां कडगंचीकरांना या तिसऱ्या सिद्धांताचे महत्त्व विशेष जाणवावे. आमचे गाव सायंदेवाचे. त्याच्याच वंशातील सरस्वती गंगाधराने गुरुचरित्र रचले. त्या ग्रंथाच्या २८ व्या अध्यायात कोणत्या पापाने कोणता जन्म येतो याची सविस्तर यादी आहे. कर्मविपाकाच्या या विचाराने कित्येकांना सदाचरणास प्रवृत्त केले असेल. परंतु त्यातून एक भयंकर सवयही जडली. जन्म हाच अपराधाचा पुरावा मानला जाऊ लागला.

पंडिता रमाबाईंच्या मनाला नेमकी हीच गोष्ट टोचली होती. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये असता फुलम येथे, ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ स्त्रियांची शुश्रूषा करीत आहेत, हे त्यांनी पाहिले. आपल्या धर्मशास्त्रात अशा स्त्रियांना कठोर शासनापलीकडे काहीच वाचल्याचे त्यांना आठवेना. ही करुणा कोठून आली असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. पुढे केडगावी अशा स्त्रियांसाठी रमाबाईंनी कृपासदन काढले. त्या स्त्रियांपैकी कितीतरी जणी अपराधी नव्हेत, अपराधाच्या बळी होत्या. शिक्का मात्र सर्वांवर एकच!

आता दुसरी बाजू. १८७१ साली आपल्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या समर्थनार्थ असा युक्तिवाद झाला की, हिंदुस्थानात सुताराचा मुलगा जसा सुतार होतो तसा या जमातींतील मुलगा वंशपरंपरेने गुन्हेगारच होणार. ज्यांच्या प्रभूला त्याच्याच गावच्या लोकांनी ‘हा सुताराचाच ना मुलगा?’ म्हणून हिणविले होते, त्यांना हा दृष्टांत सुचावा, यापरता दैवदुर्विलास कोणता? पुढे या जमातींना डांबण्यासाठी वसाहती निघाल्या. उत्तरेत आणि मद्रास इलाख्यात त्यांतील कित्येकींचा कारभार मुक्तिफौजेने पत्करला; येथून जवळच्या सोलापुरात तो अमेरिकन मराठी मिशनकडे आला, आणि तेथील माणसे गिरण्यांत मजुरीस जाऊ लागली. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, हे मी नाकारीत नाही. त्या मिशनऱ्यांच्या हेतूंविषयीही मला शंका नाही. पण न केलेल्या गुन्ह्याबद्दल कोंडलेल्या माणसाला सुधारणेचा उपदेश करणे ही करुणा नव्हे. तुझे पाप कोणते, हे सांगता येत नसेल तर क्षमा कशाची करावयाची? गोमंतकीय वाचकांना १५६० साली सुरू झालेल्या आणि १८१२ साली कायमच्या बंद झालेल्या इन्क्विझिशनचे स्मरण येथे होईल. तेथे श्रद्धा हा गुन्हा ठरला होता, येथे जन्म ठरला. दोन्हीकडे धर्मगुरू तुरुंगाधिकाऱ्याच्या शेजारी उभा होता.

क्षमेचा अर्थ शिक्षामाफी, असे समजणाऱ्यांनी एका विधवेकडे पाहावे. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दोन कोवळी मुले जीपगाडीत जिवंत जाळण्यात आली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली; पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, असेही त्यांनी सांगितले. दारासिंगाला खालच्या न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने २००५ साली जन्मठेपेत बदलली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जन्मठेपच कायम केली. न्यायालयाने आपले काम केले, त्या बाईंनी आपले. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर घाव पडला त्याचा; तो ना सरकारचा, ना मठाचा, ना चर्चच्या अधिकाऱ्यांचा. म्हणूनच एखादी धर्मसंस्था आपल्याच पुरोहिताचा अपराध पीडिताला न विचारता झाकते आणि त्यास क्षमा हे नाव देते, तेव्हा ती परक्याच्या मालकीचा ऐवज दान करीत असते.

१८७१ पासून चालत आलेला तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. शिक्का संपला काय? तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाची कलमे घटनाबाह्य ठरविण्यासाठी आणि विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानता येणार नाही हे सांगण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ चा दिवस उजाडावा लागला. गावात चोरी झाली की पोलीस आजही प्रथम कोणाच्या पालाकडे वळतात, हे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांस सांगावयास नको.

पाप त्याज्य, पापी नव्हे, हे वचन आपण सारेच सभासंमेलनांतून उच्चारतो. त्या वचनाच्या आधी एक प्रश्न असतो आणि तो वकिलाने, न्यायाधीशाने, पाद्र्याने व पुराणिकाने सारख्याच कठोरपणे विचारला पाहिजे : या माणसाने केले काय? उत्तर मिळाले तर न्याय करा, आणि जमल्यास क्षमाही करा. उत्तर मिळाले नाही तर त्याची वाट सोडा.